१७ बाय ११ च्या हॉलमध्ये होम थिएटर: स्पीकर कोणते आणि कुठे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातील नव्या फ्लॅटचा हॉल १७ फूट लांब, ११ फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. ११ फुटी भिंतीवर ५५ इंची टीव्ही आणि समोरच्या भिंतीला टेकून सोफा, अशी मांडणी ठरली आहे. टीव्हीकडे तोंड करून बसल्यावर डाव्या हाताला गॅलरीचे सरकते दार येते, तर उजव्या हाताला हॉलच्या मागच्या भागात डायनिंगकडे जाणारी सहा फुटांची मोकळी जागा आहे. दुकानदाराने दीड लाखात ७.१.२ चा, म्हणजे सात स्पीकर, खर्ज वाजवणारा एक सबवूफर आणि दोन छताचे स्पीकर असा, संच सुचवला आहे आणि पीओपीचे काम लवकरच सुरू होणार आहे. आपल्या आईंना संवाद नीट ऐकू येत नाहीत, ही घरातली मुख्य तक्रार आहे. भिंतींवर सोलापुरी चादरी लावल्याने फरक पडेल का आणि खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला त्रास होईल का, हेही आपण विचारले आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ७.१.२ घेऊ नये. तेवढ्याच पैशात ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, घ्यावे, पुढच्या तीन स्पीकरवर हात सैल सोडावा, आणि यातली एकही वस्तू विकत घेण्यापूर्वी सोफ्याची जागा बदलावी. ७.१.२ म्हणजे सबवूफर धरून दहा पेट्या होतात. दीड लाखातून रिसीव्हरची, म्हणजे सर्व स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्राची, किंमत वजा केल्यावर जे उरते, ते दहा ठिकाणी वाटले की प्रत्येक पेटी हलक्या प्रतीची घ्यावी लागते. शिवाय सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, तर ७.१ मधील मागच्या जोडीला जागाच उरत नाही. ती जोडी कानाला लागून वाजते आणि बाकी सगळ्यांवर कुरघोडी करते. माझ्या अनुभवात चुकीच्या जागी बसवलेल्या सात स्पीकरपेक्षा नीट बसवलेले तीन स्पीकर आणि एक सब केव्हाही सरस ठरतात.

आता सोफ्याविषयी, कारण खर्जाचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. खर्जाच्या, म्हणजे खालच्या जाड स्वरांच्या, लाटा फार लांब असतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने. ३३ हर्ट्‌झच्या लाटेची लांबी सुमारे ३४ फूट, म्हणजे आपल्या हॉलच्या लांबीच्या बरोबर दुप्पट भरते. अशी लाट समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अडकते आणि जागच्या जागी घुमत राहते. कोणत्याही खोलीत ध्वनीचा वेग भागिले अंतराची दुप्पट केली की ही घुमणारी वारंवारता मिळते. सेकंदाला ३४३ मीटर हा वेग धरला, तर आपल्या हॉलसाठी लांबीमुळे सुमारे ३३, रुंदीमुळे ५१ आणि उंचीमुळे ५९ हर्ट्‌झ हे आकडे येतात. त्यांच्या दुपटी आणि तिपटी वेगळ्या. यातल्या प्रत्येक लाटेचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक असतो. म्हणून भिंतीला डोके टेकून बसणाऱ्याला खर्ज फुगलेला आणि गढूळ ऐकू येतो, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसणाऱ्याला त्यातल्या काही वारंवारता जवळजवळ ऐकूच येत नाहीत. पाव अंतरावर, म्हणजे आपल्याकडे मागच्या भिंतीपासून सव्वाचार फुटांवर, दुसरी, म्हणजे दुपटीची, लाट नाहीशी होते. या सगळ्यातून वाट काढायची तर बसणाऱ्याचे कान मागच्या भिंतीपासून साधारण सहा फुटांवर यावेत. सोफ्यामागे येण्याजाण्याची वाट राहील. तीच वाट डायनिंगकडे वळत असल्याने घरातली वर्दळही टीव्हीसमोरून होणार नाही. हे कोणत्याही कारणाने जमणार नसेल, तर सोफा भिंतीपासून निदान दोन फूट तरी पुढे ओढावा आणि त्यामागच्या भिंतीवर आवाज शोषणारा जाड थर, म्हणजे शोषक, बसवावा.

या बाबतीत परदेशी पुस्तिकांवर आणि व्हिडिओंवर डोळे झाकून विसंबू नये. तिकडच्या बऱ्याच घरांतील भिंती लाकडी चौकटीवर जिप्समचे तावदान ठोकून केलेल्या असतात. त्या खर्जाने किंचित हलतात, त्याचा काही भाग गिळतात आणि काही पलीकडे जाऊ देतात. आपल्या घरांची वीट, काँक्रीट आणि स्लॅब यांतले काहीच करत नाहीत. खर्ज जवळजवळ सगळाच्या सगळा खोलीत परत येतो. याचा फायदा असा की लहान सबवूफरही येथे पुरेसा भरतो, आणि तोटा असा की घुमणे अधिक तीव्र होते आणि जागेची निवड चुकली की चूक झाकली जात नाही. बाळीवेस किंवा उत्तर कसब्यातील जुन्या माळवदी घरांत, जेथे लाकडी तुळयांवर फळ्या आणि वर मातीचा थर असतो, तेथे तोच सब मला अनेकदा अधिक आवरलेला वाटला आहे. पण ती घरे आता उरली थोडी आणि त्यांत होम थिएटर बसवू पाहणारे त्याहून थोडे.

सोफा जागी बसला की पुढच्या तीन स्पीकरचा विचार करता येतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस ७७५ या शिफारशीत डावा आणि उजवा स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर सांगितले आहेत. डॉल्बीची मार्गदर्शिका २२ ते ३० अंशांची मुभा देते. आपल्या हॉलमध्ये ३० अंश साधायचे तर दोन्ही पेट्या कोपऱ्यांत जातील, आणि कोपरा ही मुख्य स्पीकरसाठी सर्वांत वाईट जागा आहे. कान टीव्हीच्या भिंतीपासून ११ फुटांवर आणि पेट्यांचे तोंड भिंतीपासून एक फुटावर धरले, तर दोन्ही ट्वीटरमध्ये (पेटीतील वरचे स्वर देणाऱ्या लहान भागांमध्ये) साडेआठ फूट अंतर ठेवल्यास सुमारे २३ अंशांचा कोन मिळतो आणि बाजूच्या भिंती दोन्हीकडे सव्वा फुटावर राहतात. हा कोन मला चालेल. पेट्या सोफ्याच्या मधल्या जागेकडे किंचित वळवाव्यात. पूर्ण रोखून धरल्या तर मधल्या माणसाला उत्तम आणि कडेच्या दोघांना एकांगी ऐकू येते. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे फरशीपासून सव्वातीन फुटांच्या आसपास यावा.

पेटीच्या मागच्या भिंतीचे अंतर अनेक जण अंदाजाने ठेवतात, पण त्यालाही गणित आहे. वूफरचा, म्हणजे पेटीतील खालचे स्वर देणाऱ्या मोठ्या भागाचा, खर्ज मागेही जातो, भिंतीवर आपटून परत येतो आणि ठरावीक वारंवारतेला मूळ आवाजाशी भांडून त्याला खाऊन टाकतो. ती वारंवारता ध्वनीचा वेग भागिले अंतराची चौपट इतकी असते. पेटीचे तोंड भिंतीपासून तीन फुटांवर असेल तर हा खड्डा ९४ हर्ट्‌झच्या आसपास पडतो, म्हणजे पुरुषी आवाजाचा पाया आणि तबल्याच्या बायाँचा भराव नेमका जेथे असतो तेथे. एक फुटावर असेल तर तो २८० च्या वर सरकतो, जेथे पेटी मागच्या बाजूला तितकासा आवाज फेकत नाही आणि भिंतीवरचा शोषकही थोडेफार काम करतो. म्हणून लहान हॉलमध्ये पेट्या भिंतीजवळच ठेवाव्यात, अधेमधे नकोत. मात्र मागची भिंत आणि बाजूची भिंत यांची अंतरे एकसारखी ठेवू नयेत, नाहीतर दोन्ही खड्डे एकाच ठिकाणी पडतात आणि दुप्पट खोल होतात. भिंतीजवळ ठेवायच्या पेटीचे हवेचे छिद्र मागच्या बाजूला नसून पुढे असावे, किंवा पेटी पूर्ण बंद असावी.

आपल्या आईंची तक्रार मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरशी निगडित आहे. चित्रपटांतील जवळजवळ सर्व संवाद याच एका पेटीतून येतात, आणि तरीही बहुतेक घरांत ती टीव्हीच्या शोकेसच्या कप्प्यात खोल ढकललेली, वर फुलदाणी आणि शेजारी सेटटॉप बॉक्स अशा अवस्थेत आढळते. कप्प्यात ठेवलेल्या पेटीचा आवाज त्या कप्प्यातच घुमतो, फळीच्या कडेवरून परततो आणि व्यंजने पुसट होतात. माणूस मग रिमोटने एकूण आवाज वाढवतो, आणि पुढच्याच गाण्याला सगळे घर दचकते. सेंटर स्पीकर युनिटच्या अगदी पुढच्या कडेला आणावा, त्याचे तोंड फळीच्या कडेबाहेर बोटभर यावे, आणि खाली रबराचे पाचर देऊन तो कानाकडे रोखावा. सुताराला युनिटचे माप देण्यापूर्वी या पेटीचे माप घ्यावे. मी पाहिलेल्या अनेक घरांत सुताराने केलेल्या कप्प्याच्या मापावरून सेंटर स्पीकर निवडला गेला होता, आणि हा उलटा क्रम महागात पडतो.

सेंटर निवडताना आणखी एक बाब पाहावी. मधोमध ट्वीटर आणि दोन्ही बाजूंना एकेक वूफर अशी आडवी रचना सर्वत्र दिसते, कारण ती टीव्हीखाली शोभते. पण समोरून बाजूला सरकले की दोन्ही वूफरचे आवाज वेगवेगळ्या वेळी कानाशी पोचतात आणि संवादाच्याच पट्ट्यात एकमेकांना कापतात. आपल्याकडे चित्रपट पाहायला घर भरते. कोणी सोफ्याच्या टोकाला, कोणी दिवाणावर, कोणी खाली जमखान्यावर बसते. अशा घरात ट्वीटर आणि मधले स्वर देणारा लहान मिडरेंज एकावर एक आणि वूफर दोन्ही कडांना, अशी तीन भागांची सेंटर पेटी घ्यावी. अंदाजपत्रकात ती बसत नसेल तर डाव्या-उजव्या पेटीचीच तिसरी प्रत, उभी ठेवता येत असल्यास, घ्यावी. काही झाले तरी पुढचे तिन्ही स्पीकर एकाच मालिकेतील असावेत. गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मधेच तिचा आवाज बदलला, की डोळ्यांना पटलेले दृश्य कानांना पटत नाही.

यासोबत दोन गोष्टी फुकटात होण्यासारख्या आहेत. रिसीव्हरमध्ये सेंटरची पातळी दोन डेसिबलने वाढवता येते, आणि मोठ्या-लहान आवाजातील तफावत कमी करणारी रात्रीची सोय असते. ही सोय केवळ रात्रीपुरती समजू नये. आईंसोबत पाहताना ती दिवसाही चालू ठेवावी. मराठी मालिका आणि बातम्या बहुधा स्टिरिओमध्ये येतात, त्यासाठी रिसीव्हरमधील डॉल्बी सराउंड किंवा डीटीएस न्यूरल एक्स चालू केले की बोलणे मधल्या पेटीत गोळा होते.

स्पीकरच्या निवडीत लोक प्रथम वॅट विचारतात. वॅट हा सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा आहे, आणि खोक्यावर ‘पीएमपीओ’ (क्षणिक कमाल शक्तीचा जाहिराती आकडा) असे लिहिलेले असेल तर तो आकडाच नव्हे. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ती संवेदनशीलता पाहावी. ८५ आणि ८८ डेसिबलच्या दोन पेट्यांत केवळ तीनचा फरक दिसतो, परंतु पहिलीला दुसरीइतके वाजवायला दुप्पट वॅट लागतात. आपण साधारण साडेतीन मीटरवर बसणार आहात. ८७ डेसिबलची पेटी आणि ५० वॅटचा खराखुरा अॅम्प्लिफायर मिळाला, तर मोकळ्या हवेचे कठोर गणित लावूनही तेथे एका पेटीतून ९३ डेसिबलच्या आसपास झेप मिळते. बंद हॉल आणि बाकीच्या पेट्या त्यात आणखी भर घालतात. चित्रपटगृहाचा दंडक प्रत्येक मुख्य वाहिनीला १०५ डेसिबलच्या शिखराचा आहे. घरात कोणीही तितके मोठे लावत नाही, आणि लावू नये. रिसीव्हरची शक्ती पाहताना ती ८ ओहमला (ओहम म्हणजे पेटीच्या विद्युतरोधाचे माप), २० ते २०,००० हर्ट्‌झ या संपूर्ण पट्ट्यात आणि दोन वाहिन्या चालू असताना दिलेली आहे ना, हे वाचावे. एका वाहिनीला, १ किलोहर्ट्‌झला दिलेला आकडा नेहमीच फुगलेला असतो. पेट्या ४ ओहमच्या असतील तर रिसीव्हरला त्या चालतात असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असले पाहिजे, विशेषतः आपल्याकडच्या मे महिन्यात, कारण अशा पेट्यांनी रिसीव्हर अधिक तापतो.

ऐकून पाहण्यासाठी बरेच सोलापूरकर पुण्याला जातात. जावे, पण दुकानातला स्फोटांचा नमुना ऐकून परत येऊ नये. दोन पेट्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज मोबाइलवरील मीटरने सारखा करून घ्यावा, कारण दोनएक डेसिबल मोठी वाजणारी पेटी कोणाच्याही कानाला अधिक चांगली वाटते आणि विक्रेत्यांना हे ठाऊक असते. आपल्याला रोजच्या सरावातला आवाज न्यावा: एखाद्या बातमीदाराचे बोलणे, कीर्तनातला एकट्या बुवांचा आवाज, तानपुऱ्यासह गायन. ओळखीच्या माणसाचा आवाज नाकातून किंवा हंड्यातून आल्यासारखा वाटला, तर ती पेटी कितीही नावाजलेली असो, तेथेच सोडावी.

सबवूफर दहा इंची, बंद पेटीचा किंवा पुढे छिद्र असलेला, आपल्या हॉलला पुरेल. त्याच्या जागेसाठी एक जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. सब तात्पुरता सोफ्यावर, आपण बसणार त्या जागी ठेवावा, खर्जाची एकसारखी सुरावट लावावी आणि स्वतः भिंतींच्या कडेने कान जमिनीजवळ ठेवून रांगत फिरावे. जेथे प्रत्येक स्वर सारखा आणि आवरलेला ऐकू येईल, तेथे सब ठेवावा. शेजारपाजारचे हसतील, पण भिंतीकडून कानाकडे आणि कानाकडून भिंतीकडे ध्वनीची वाट एकच असल्याने ही पद्धत शास्त्राला धरून आहे. माझा अंदाज असा की टीव्ही युनिट आणि डावी पेटी यांच्या मधली जागा निवडली जाईल. कोपऱ्यात सब सर्वांत मोठा वाजतो आणि म्हणूनच दुकानदार तो तेथे ठेवतो. विटांच्या खोलीत मात्र त्या मोठेपणाची गरज नसते. पुढेमागे पैसे सुटले, तर मोठा सब घेण्याऐवजी असाच दुसरा घेऊन तो मागच्या भिंतीच्या मध्याजवळ ठेवावा. दोन सब एकमेकांचे खड्डे भरतात, आणि सोफ्यावरच्या तिघांनाही जवळपास सारखा खर्ज मिळतो.

मागच्या सराउंड जोडीसाठी डॉल्बीची शिफारस ११० ते १२० अंशांची आहे, म्हणजे कानापेक्षा दोन-तीन फूट मागे, बाजूच्या भिंतींवर. आपल्याकडे उजवी जागा नेमकी डायनिंगच्या मोकळ्या भागात येते. डावा स्पीकर भिंतीवर आणि उजवा स्टँडवर वाटेत, असे करू नये. मुले आणि पाहुणे त्याला पाडतीलच, शिवाय दोन्ही बाजूंची अंतरे जुळणार नाहीत. दोन्ही स्पीकर मागच्या भिंतीवर, बाजूच्या कोपऱ्यांपासून एकेक फूट आत, पाच फूट उंचीवर लावावेत आणि सोफ्याकडे वळवावेत. कोन सुमारे १४० अंश होतो. शिफारशीपेक्षा तो जास्त आहे, पण सोफा सहा फूट पुढे असल्यामुळे हे स्पीकर कानाशी न वाजता खोलीभर पसरतात. सोफा भिंतीलाच राहणार असता, तर मी ही जागा सुचवली नसती.

छतातील आवाजासाठी ७.१.२ चा आग्रह असतो. वर तोंड करून छतावर आवाज आपटणाऱ्या पेट्यांना सपाट, कडक आणि मोकळे छत लागते. आपला उघडा स्लॅब त्यासाठी उत्तम होता, परंतु पायऱ्यापायऱ्यांचे पीओपी, झालरीचे दिवे आणि मधोमध फिरणारा पंखा यांनी तो परावर्तित आवाज विखुरला जाईल. म्हणून आता फक्त वायरी ओढून ठेवाव्यात, आणि दोनतीन वर्षांनी इच्छा राहिली तर छतातच स्पीकर बसवावेत. दोनच बसवायचे असतील तर त्यांची जागा सोफ्याच्या जवळजवळ वर, किंचित पुढे असते. पीओपीच्या पत्र्यावर स्पीकरचे वजन देऊ नये. स्लॅबमध्ये अँकर घेऊन तार किंवा पट्टी सोडावी. त्यासाठी भोक पाडताना विजेचे पाइप कोठून गेले आहेत याचा फोटो आधीच काढून ठेवलेला असावा.

आता चादरींविषयी. येथे मला जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण सोलापुरात हा प्रश्न प्रत्येक घरी निघतो. हॉलमध्ये मधोमध उभे राहून टाळी वाजवा. व्हिट्रिफाइड फरशी, कोऱ्या भिंती आणि काचेचे सरकते दार यांमुळे टाळीनंतर एक पातळ टणत्कार रेंगाळतो. संवाद न कळण्याचे सेंटर स्पीकरइतकेच मोठे कारण हा टणत्कार आहे. आपल्या हॉलचे घनफळ सुमारे ५० घनमीटर आहे. आवाज विरण्याचा काळ ०.४ सेकंदाच्या आसपास आणायचा, तर सेबाइनच्या सूत्राप्रमाणे सुमारे २० चौरस मीटर पूर्ण शोषणाइतके सामान खोलीत हवे. रिकाम्या हॉलमध्ये ते याच्या निम्मेही नसते. कापडी सोफा, माणसे, जमखाना आणि सरकत्या दारावर पूर्ण रुंदीचा, भरपूर चुण्यांचा जाड पडदा यांनी बरीच मजल मारली जाते. रेक्झिनचा सोफा घेतला तर त्यातले बरेच हातचे जाते.

सोलापुरी चादर घट्ट विणीची आणि जाड असते, त्यामुळे ती उपयोगी आहेच. पण भिंतीला चिकटवून ताणून लावलेली एक चादर केवळ वरचे स्वर खाते. आवाज मंद होतो आणि मधला टणत्कार तसाच राहतो. कारण भिंतीला लागून हवेचे कण हलतच नाहीत. कापड जिथे हवा हलते तिथे, म्हणजे लाटेच्या पाव लांबीवर, सर्वाधिक काम करते. भिंतीपासून चार इंच सोडून दुहेरी, चुण्या घालून टांगलेली चादर सुमारे ८५० हर्ट्‌झपासून वर चांगली उतरते, आणि संवादातील स्पष्टता बऱ्याच अंशी त्याच पट्ट्यात असते. त्याहून खाली जायचे तर जाडी हवी. दोन बाय चार फुटांच्या लाकडी चौकटी करून त्यांत चार इंच जाडीचे रॉकवूल भरावे आणि वरून चादरीचे कापड ओढावे. रॉकवूल घरात नको वाटत असेल, तर ओळखीच्या गादीवाल्याकडून त्याच मापाच्या कापसाच्या घट्ट गाद्या भरून घ्याव्यात. त्या दिसतात साध्या, पण काम देतात. कापूस पेट घेतो, म्हणून अशा चौकटी देवघराच्या निरांजनापासून आणि स्विचबोर्डापासून दूर असाव्यात. चौकटी कोठे लावायच्या हे आरशाने ठरते. सोफ्यावर बसावे, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा, आणि ज्या जागी आरशात पुढचा स्पीकर दिसेल तेथे चौकट लावावी. डावीकडे ही जागा सरकत्या दारावर आली तर पडदाच ते काम करील. खर्जाच्या घुमण्यावर मात्र चादरीचा काडीचाही परिणाम होत नाही, मग त्या कितीही लावा.

उन्हाळ्याचे दोन शब्द. पारा ४० च्या वर गेला की पंखा पाचवर आणि खिडकीत कूलर, या गोंगाटात कोणताही सेंटर स्पीकर हरतो. या हॉलमध्ये एसी लावणार असाल तर घरातला भाग कमी आवाजाचा निवडावा. कूलरच्या ओल्या झोताच्या रेषेत पेट्या ठेवू नयेत, त्यांचे एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) फुगते. रिसीव्हर बंद कपाटात कोंडू नये. त्याच्या वर निदान चार-सहा इंच मोकळी हवा हवी.

पीओपी सुरू होण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक स्पीकरच्या जागेपर्यंत, छतातील दोन भावी जागांसह, एक इंची रिकामा पाइप टाकून घ्यावा आणि त्यात दोर सोडून ठेवावा. घरातील विजेची वायर आणि स्पीकरची वायर एका पाइपातून नेऊ नये. वायर शुद्ध तांब्याची असावी. चाकूने खरवडल्यावर आतून पांढरे दिसले तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची आहे. पुढच्या पेट्यांना १.५ चौरस मिलिमीटर पुष्कळ झाले, मागच्यांना दहा मीटरच्या वर वायर जात असेल तर २.५ घ्यावी. हजारो रुपये फुटाच्या वायरीने आवाज सुधारत नाही. सर्व जोडल्यावर सबमधून सतत हुंकार येऊ लागला, तर प्रथम केबल टीव्हीची गोल वायर काढून पाहावी; बहुतेक वेळा दोष तिच्यातून येणाऱ्या वेगळ्या अर्थिंगचा असतो.

जुळवणी करताना रिसीव्हरचा मायक्रोफोन ट्रायपॉडवर कानाच्या उंचीवर ठेवावा, हातात धरू नये, आणि पंखा, फ्रिज, कूलर बंद करावेत. मोजणीनंतर सर्व स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा खर्ज सबकडे वळतो ती सीमा, ८० हर्ट्‌झ आहे ना, हे पाहावे. सबचे अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवले जाईल. ते दुरुस्त करू नये, सबच्या आतल्या विद्युतमंडलाचा विलंब त्यात धरलेला असतो.

शेवटचा प्रश्न खालच्या कुटुंबाचा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण हे मोजमाप कानाच्या संवेदनेप्रमाणे, ‘ए’ भारांकाने केले जाते, आणि त्यात ५० हर्ट्‌झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. त्यामुळे मीटर गप्प असतो आणि खालच्यांच्या छतातून मात्र धडधड उतरत राहते. सबखाली जाड, मऊ रबराचे किंवा फोमचे आसन दिल्याने फरशीत थेट जाणारी थरथर कमी होते. हवेतून स्लॅबला बसणारा दाब त्याने थांबत नाही. सर्व बसवून झाल्यावर एका संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या बेडरूममध्ये बसावे, वर घरातल्या कोणाला तरी नेहमीच्या आवाजात चित्रपट लावायला सांगावे, आणि फोनवरून सबची पातळी एकेक डेसिबलने उतरवत न्यावी. त्यांना धडधड जाणवेनाशी होईल तो आकडा लिहून ठेवावा आणि रात्री दहानंतर सब त्याच पातळीवर ठेवावा.